मंगळागौरीची रात्र, जुना डिजिटल कॅमेरा आणि हललेले फोटो : एका प्रकरणाचा अभ्यास

श्रावणातल्या पहिल्या मंगळवारी ठाण्याला माझ्या बहिणीकडे थोरल्या भाचीची पहिली मंगळागौर झाली. धाकट्या भाचीने त्या रात्री दीडशेच्या आसपास फोटो काढले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कार्ड घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा तिचा चेहरा पार उतरला होता. "मावशी, एकही धड नाही गं. सगळे हललेत. ताईच्या फुगडीचा तर एकसुद्धा नाही. कॅमेराच बाद झालाय का?"

कॅमेरा २००८ सालचा, तिच्या बाबांचा. बरीच वर्षं कपाटात पडून होता. हल्ली कॉलेजातल्या मुलामुलींना या खिशात मावणाऱ्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची ओढ लागली आहे. समोरून पडलेल्या फ्लॅशचा उजळ चेहरा आणि मागचा काळोख त्यांना आवडतो, आणि मला ती आवड मनापासून पटते. आठ मेगापिक्सेल, चार पट झूम, भिंगाचं तोंड झूम न करता एफ/२.८ आणि पूर्ण झूम केल्यावर एफ/५.५ (हा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं), दोन एए सेल आणि भिंगाच्या वर उजवीकडे नखाएवढा फ्लॅश, असं ते यंत्र. बाद तर नव्हतंच. भिंग स्वच्छ आणि दिवस असेल तर आजही सुरेख फोटो देणारं होतं.

मोठी मंगळागौर तिसऱ्या मंगळवारी, त्याच हॉलमध्ये, सासरची माणसं आणि सगळ्या वशेळ्या मिळून व्हायची होती. हाताशी तेरा दिवस होते. या तेरा दिवसांत आम्ही दोघींनी काय शोधलं आणि काय बदललं, ते इथे नीट मांडते. घरातल्या फ्लॅशच्या फोटोंबद्दल सगळ्यांची एकच तक्रार असते, 'फोटो हलला'. या एका शब्दाखाली निदान चार वेगळे दोष दडलेले असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

कार्डातले चार ढीग

प्रत्येक डिजिटल फोटोच्या पोटात त्याची जन्मपत्रिका असते. शटर किती वेळ उघडं होतं, भिंगाचं तोंड किती उघडं होतं, आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, किती, झूम कुठे, फ्लॅश पेटला की नाही, हे सगळं कॅमेरा स्वतःच लिहून ठेवतो. लॅपटॉपवर फोटोची माहिती उघडली की ते दिसतं. आम्ही एकेक फोटो मोठा करून पाहिला, शेजारी त्याचे आकडे वाचले आणि ढीग पाडत गेलो.

सगळ्यात मोठा ढीग भुतांचा होता. फुगडी घालणाऱ्या ताईचा चेहरा एका जागी अगदी रेखीव, पण त्याच चेहऱ्यातून मागची भिंत आरपार दिसते, आणि बाजूला साडीचा लांबलचक फराटा. समईच्या ज्योती पाहिल्या तर ठिपक्यांऐवजी वेड्यावाकड्या पिवळ्या रेघा. आकडे सांगत होते, शटर १/४ सेकंद, फ्लॅश पेटलेला. मी विचारलं, "फोटोचा प्रकार निवडायची चकती कुठे होती?" तिने दाखवलं, चंद्र आणि माणूस असं चित्र असलेल्या खुणेवर. रात्र आहे म्हणून तिने रात्रीची खूण निवडली होती. त्यात तिची चूक काहीच नव्हती, चित्र तसंच सांगतं. पण त्या खुणेवर कॅमेरा दोन कामं करतो: फ्लॅशने माणूस उजळतो आणि नंतर मागचा देखावा यावा म्हणून शटर बराच वेळ उघडं ठेवतो. समोरचा माणूस पुतळ्यासारखा उभा असेल तर झकास. फुगडीची एक फेरी साधारण एका सेकंदात होते, म्हणजे १/४ सेकंदात ताई पाव वर्तुळ फिरून गेलेली असते.

दुसरा ढीग वेगळाच होता. यात फराटा कुठेच नव्हता, माणसं फक्त मऊ दिसत होती. पण मागच्या पडद्याची वीण मात्र स्पष्ट. फोकस चुकल्याची ही पक्की खूण: चौकटीत कुठेतरी, नको तिथे, काहीतरी रेखीव असतं. हलण्याने बिघडलेल्या फोटोत धूसरपणाला दिशा असते, फोकस चुकलेल्या फोटोत ती नसते. हे जवळजवळ सगळे फोटो पूर्ण झूम करून काढलेले होते. छोट्या कॅमेऱ्याचा फोकस चित्रातल्या उजेड-काळोखाच्या कडा शोधून बसतो. एकरंगी साडीवर, अर्धवट उजेडात, त्याला कडच सापडत नाही. अशा वेळी मदतीला कॅमेऱ्याच्या पुढे एक छोटा दिवा असतो, अर्धं बटण दाबलं की तो समोर उजेड टाकतो. मी तिला म्हटलं, कॅमेरा हातात धरून दाखव. तिचं मधलं बोट बरोबर त्या दिव्यावर होतं!

तिसरा ढीग पाहून मलाही आधी फसायला झालं. लांबून, झूम करून काढलेले, काळपट, आणि चेहरे मेणाचे केल्यासारखे. पैठणीची बुट्टी पुसून गेलेली. हलल्यासारखं वाटतं, पण हलणं नाही. इथे फ्लॅशचा उजेड पोहोचलेलाच नव्हता. कॅमेऱ्याने आयएसओ आपोआप ८०० वर नेला, चित्र टिपणाऱ्या, करंगळीच्या नखाहूनही लहान असलेल्या संवेदकावर त्याने दाणे उठले, आणि ते दाणे झाकण्यासाठी कॅमेऱ्यानेच सगळ्यावर बोळा फिरवला. दाण्यांबरोबर बुट्ट्याही गेल्या.

चौथा ढीग लहान होता, आरतीनंतरचा. दिव्यांभोवती धुकं, सगळ्या चित्रावर पांढुरकी साय. भिंगावर तुपाच्या बोटाचा ठसा. चष्म्याच्या कापडाने हलक्या हाताने पुसला आणि विषय संपला. घरच्या समारंभात कॅमेरा दहा हातांतून फिरतो, त्यामुळे मी तर दर अर्ध्या तासाने भिंग पाहते.

काही फोटोंत हवेत तरंगणारे पांढरे गोल ठिपके होते. घरातल्या आजींना ते गौरीच्या आगमनाची खूण वाटले आणि त्यांनी ते फोटो ठेवायला सांगितले, आम्ही ठेवले. कारण मात्र साधं आहे. फ्लॅश भिंगाला इतका चिकटून असतो की भिंगासमोर दोन-चार इंचांवरचा धुळीचा किंवा उदबत्तीच्या धुरातला कणही लखकन उजळतो, आणि इतक्या जवळ फोकस नसल्याने तो फुगून गोल दिसतो.

फ्लॅश किती पोहोचतो, ते लादीवर मोजलं

कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की फ्लॅश झूमविना सुमारे ३ मीटर आणि पूर्ण झूमला २ मीटर पोहोचतो. हे वाचून कुणाला काही बोध होत नाही, कारण समारंभात मीटर कोण मोजतं? बहिणीच्या हॉलमध्ये दोन फुटी लाद्या आहेत. एक लादी म्हणजे ६० सेंटिमीटर. आम्ही भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं आणि एकेक लादी मागे सरकत फोटो काढले.

झूमविना, आयएसओ १०० वर तीन लाद्यांपर्यंत कागद पांढरा आला, पुढे करडा. आयएसओ २०० वर साडेचार लाद्या. ४०० वर सहा-साडेसहा. आयएसओ दुप्पट केला तर अंतर दुप्पट होत नाही, सुमारे १.४ पट होतं. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, म्हणून अंतर दुप्पट हवं तर आयएसओ चौपट करावा लागतो. आणि पूर्ण झूम केल्यावर? भिंगाचं तोंड एफ/५.५ वर आल्याने आत येणारा उजेड जवळजवळ चौथा हिस्सा उरतो आणि आयएसओ २०० वरची साडेचार लाद्यांची पोच सव्वादोनवर येते. माझी भाची हॉलच्या दारात उभी राहून, सात लाद्यांवरून, झूम करून काढत होती. तिसऱ्या ढिगाचं कोडं तिथेच सुटलं.

झूम न करण्याचा दुसराही फायदा हाती लागला आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. या कॅमेऱ्यांचा संवेदक बारीक असल्यामुळे भिंगाची खरी लांबीही अगदी कमी, जेमतेम ६ मिलिमीटर असते. त्यामुळे झूम नसताना अडीच मीटरवर फोकस धरला तर सव्वा-दीड मीटरपासून पार मागच्या भिंतीपर्यंत सगळं पुरेसं रेखीव येतं. तेच पूर्ण झूम केल्यावर तीन मीटरवरचा रेखीव पट्टा एखाद्या मीटरचाही उरत नाही. म्हणजे दुसरा आणि तिसरा, दोन्ही ढीग एकाच सवयीतून आले होते. भाचीला मी एवढंच सांगितलं, "झूम पायांनी कर."

पंख्याखालची परीक्षा

पहिला ढीग उरला होता, आणि खरी गोम त्यातच आहे.

माझं म्हणणं असं: फ्लॅशचा फोटो हलत नाही. फ्लॅशची ठिणगी १/१००० सेकंदाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी वेळात पेटून विझते. तेवढ्या वेळात फुगडी घालणारी बाई चार मिलिमीटरसुद्धा सरकत नाही. हलतो तो फ्लॅशशिवायचा उजेड, ट्यूबचा आणि समईचा. ठिणगी विझल्यावरही शटर उघडंच असतं आणि तेवढ्या वेळात खोलीतला उजेड आपलं स्वतंत्र, हललेलं चित्र त्याच फोटोवर रंगवत राहतो. एका फोटोत दोन फोटो असतात. भूत म्हणजे दुसरा फोटो.

अमेरिकेत एमआयटीमधले हॅरॉल्ड एजर्टन यांनी दुधाच्या थेंबाचा उडालेला मुकुट आणि सफरचंदाला भेदून बाहेर पडणारी बंदुकीची गोळी फोटोत पकडली. ती चित्रं अनेकांनी पाहिली असतील, गोळीचं १९६४ सालचं आहे. तिथे वेगवान शटरची करामत नव्हती. खोली काळोखी ठेवायची, शटर उघडं ठेवायचं आणि क्षणापुरती ठिणगी पाडायची. काळोख हा त्या रेखीवपणाचा अर्धा भाग होता. आपण मात्र समारंभाला घरातले सगळे दिवे लावतो, आयएसओ ८०० वर जातो आणि मग भूत कुठून आलं म्हणून विचारतो.

भाचीला हे ऐकून पटेना. "उजेड जास्त तर फोटो चांगला, नाही का?" तेव्हा आम्ही छताचा पंखा सुरू केला, तिला त्याच्याखाली उभं केलं आणि चकती 'एम'वर, म्हणजे सगळे आकडे हाताने ठरवायच्या खुणेवर नेली. शटर १/६०, एफ/२.८, फ्लॅश चालू. आयएसओ २०० वर पाती गोठल्यासारखी आली, टोकाला फक्त किंचित मऊपणा. आयएसओ ८०० वर, फ्लॅशची ताकद कॅमेऱ्याने आपोआप कमी केली आणि पात्यांच्या मागे करडा फराटा उमटला. मग हॉलमधली ट्यूब बंद केली. ८०० वरचाही फराटा गेला. ती काही वेळ दिव्याच्या बटणाशीच उभी होती, चालू-बंद करत, फोटो काढत.

मग शेवटची खातरजमा, आणि घरात फ्लॅश वापरणाऱ्या प्रत्येकाने ही एकदा करावी असं मला वाटतं. तेच आकडे ठेवायचे, फक्त फ्लॅश बंद करायचा आणि फोटो काढायचा. जो फोटो येईल तेच तुमचं भूत, किती गडद असणार ते आधीच दिसतं. आमच्या हॉलमध्ये फ्लॅश बंद ठेवून नीट फोटो यायला आयएसओ २०० वर सुमारे १/१० सेकंद लागत होता. म्हणजे १/६० वर खोलीचा उजेड हव्या त्याच्या सहाव्या हिश्श्याएवढाच आत येतो, भूत जाणवतही नाही. आयएसओ ८०० वर मात्र १/४० पुरत होता. मग १/६० वर दोन-तृतीयांश उजेड ट्यूबचाच, आणि त्या १/६० सेकंदात फुगडीतली बाई सहा सेंटिमीटर सरकलेली. छोट्या कॅमेऱ्यांचं शटर बहुधा भिंगातच असतं, त्यामुळे १/२५० वरही फ्लॅश चालतो आणि भूत आणखी फिकट होतं. पण 'एम'ची चकती नसलेले कॅमेरे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी साध्या 'पी'वर, जिथे शटर आणि भिंगाचं तोंड कॅमेराच ठरवतो, फ्लॅश सक्तीने चालू आणि आयएसओ २०० हा मार्ग जवळपास तेच काम करतो.

बटणाचा उशीर हा आणखी एक गुंता. बटण दाबल्यावर आधी फोकस, मग अंदाज घेणारी एक छोटी ठिणगी, मग खरी ठिणगी. डोळे लाल येऊ नयेत म्हणून जो दिवा आधी पेटतो, त्यात आणखी जवळजवळ एक सेकंद जातो. एका सेकंदात फुगडीची एक फेरी होते, म्हणजे ताईचा चेहरा समोर पाहून बटण दाबलं तर फोटोत येईल तो पुढच्या फेरीतला कुठलातरी भाग. तो दिवा आम्ही बंद केला. लाल डोळे नंतर संगणकावर काढता येतात, हुकलेला चेहरा आणता येत नाही. आणि सेलही बदलले. पहिल्या मंगळवारी कोपऱ्यावरच्या दुकानातले साधे सेल होते, रात्री बारानंतर फ्लॅश भरायला दहा-दहा सेकंद लागत होते आणि तेवढा वेळ बटण दाबूनही फोटो निघत नव्हता. चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचेच असतात, पण झटकन जास्त प्रवाह देतात, आणि फ्लॅशला तेच लागतं. दोन जोड्या घेतल्या.

तिसरा मंगळवार

सकाळच्या पूजेला आम्ही वेगळं वागलो आणि हे मला मुद्दाम सांगायचं आहे. पत्री, केवड्याचं पान, अन्नपूर्णा, दोन समया, हे सगळं स्थिर असतं, आणि त्याला समईचाच उजेड शोभतो. तिथे पहिल्या मंगळवारी खलनायक ठरलेली चंद्राची खूणच कामाला आली. कॅमेरा स्टुलावर टेकवला, दोन सेकंदांचा टायमर लावला म्हणजे बोटाचा धक्काही बसत नाही, आणि पूजेला बसलेल्या ताईला फक्त एवढं सांगितलं की हात जोडलेस की श्वासभर थांब. ज्योती ज्योतींसारख्या आल्या.

मेंदीच्या हातांचे फोटो जवळून, दीड लादीवरून काढताना फ्लॅश फार होत होता. तिथे फ्लॅशवर पातळ कागदी रुमालाची एक घडी धरली. या युक्तीबद्दल बरंच ऐकलं होतं, म्हणून ती आधी करून पाहिली होती. उजेड कमी होतो हे नक्की, पण सावल्या मऊ होतात असं मला फारसं दिसलं नाही, कारण उजेड येतो तो नखाएवढ्याच जागेतून. चार लाद्यांवर ती घडी निव्वळ तोटा आहे.

रात्री खेळ सुरू झाले. भाचीने दुपारीच लाद्या मोजून ठेवल्या होत्या. फुगडीच्या मध्यापासून चार लाद्या मागे, कपाटाच्या काचेसमोर नाही तर तिरकी, म्हणजे फ्लॅश काचेत चमकणार नाही. चकती 'पी'वर, फ्लॅश सक्तीने चालू, आयएसओ २००, झूम अजिबात नाही, बोट दिव्यावरून दूर. फोकससाठी ती कडेला उभ्या असलेल्या, पण फुगडीच्या मध्याएवढ्याच अंतरावरच्या काकूंच्या साडीचा जरीचा काठ धरत होती. जरी आणि रेशीम यांची कड कॅमेऱ्याला लगेच सापडते. हिरवा चौकोन आला की अर्धं बटण तसंच दाबून ठेवायचं, कॅमेरा फुगडीकडे वळवायचा, आणि ताई पाठमोरी असतानाच, समोर यायच्या किंचित आधी, पूर्ण दाबायचं. पहिले सात-आठ फोटो खांद्याचे आणि अंबाड्याचे आले. मग तिला लय सापडली. जोडीचे पाय लादीवर ज्या तालाने आपटत होते, त्या तालावर ती बटण दाबायला लागली. मला वाटतं, त्या रात्रीचं खरं कसब तेच होतं, आकडे फक्त त्याच्या आड येत नव्हते.

झिम्म्याला मात्र आम्ही हरलो म्हणावं इतपत कमी पडलो. आठ-दहा जणी, कुणी अडीच लाद्यांवर, कुणी पाचवर. अंतर दुप्पट म्हणजे उजेड चौथाई, त्यामुळे पुढच्या काकू पांढऱ्याफट्ट आणि मागच्या अंधारात. खेळ थांबवून बायकांना ओळीत उभं करणं आम्हाला दोघींनाही मान्य नव्हतं. भाची स्टुलावर चढली, वरून काढताना पुढच्या-मागच्यांच्या अंतरातला फरक थोडा कमी होतो, आणि तीन-चार बरे निघाले. बसफुगडीला उलट ती जमिनीवर बसली, आणि तिथे सगळ्या एकाच अंतरावर असल्याने जवळजवळ सगळेच जमले.

त्या रात्री साधारण ऐंशी फोटो झाले, पहिल्या वेळेच्या निम्म्याहून थोडे जास्त. सकाळी पोहे खाताना सगळ्यांनी ते टीव्हीवर पाहिले. फुगडीचे अकरा फोटो रेखीव होते. त्यातल्या एकात ताई पूर्ण मागे रेललेली आहे, शेपटा हवेत आडवा, गजऱ्यातून सुटलेली जाईची तीन फुलं तिच्या कानापासून वीतभर अंतरावर थांबलेली, मागे काळोख, आणि त्या काळोखात अगदी अंधुक दिसणारी समई. भाचीने लगेच त्याचे आकडे उघडून मला दाखवले: १/६०, एफ/२.८, आयएसओ २००, फ्लॅश चालू.

आजींनी त्याची प्रत मागितली. चार बाय सहा इंचांच्या छपाईला दोन मेगापिक्सेलच्या आसपास पुरतात, या फोटोत आठ आहेत, म्हणून आठ बाय बारा इंचांची मोठी प्रत काढली. फुलांच्या पाकळ्या त्यातही मोजता येतात.